आधी टाकीचं माप विचारा

देऊळगाव राजा, चिखली, जालना आणि आसपासच्या गावांतल्या शोभिवंत माशांच्या दुकानदार मंडळींस,



हे पत्र खुलं लिहिते आहे, कारण दुकानात उभं राहून हे बोलणं होत नाही. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली असतात, एखादं लेकरू काचेवर बोटं आपटत असतं, आणि तुम्ही ‘ताई, लोक तेच मागतात, आम्ही तरी काय करायचं’ असं म्हणत पिशवीला रबर लावून मोकळे होता. लोक तेच मागतात हे खरंच. पण दुसरं काय मागावं हे लोकांना ठाऊक नसतं, आणि ते सांगू शकेल असं गावात तुमच्याखेरीज कुणी नाही. गाईम्हशींना सरकारी दवाखाना आहे, कुत्र्या-मांजरांना मोठ्या गावी नेता येतं. माशांचा डॉक्टर तुम्हीच आणि मास्तरही तुम्हीच. म्हणून तक्रारही तुमच्याच दारात आणली आहे.

मी लहान टाक्या ठेवते. बैठकीतल्या कपाटावर मावतील अशा, घरात जेवढी जागा आहे तेवढ्या. त्यामुळे गल्लीतल्या कुणाचा मासा आडवा झाला की पोरं माझ्याकडे पळत येतात, आणि मग मी विचारते, टाकी केवढी आहे रे? उत्तर बहुतेक वेळा हाताने मिळतं. दोन तळहात एकमेकांसमोर धरून, एवढी.

तुम्ही हा प्रश्न का विचारत नाही, ही माझी पहिली तक्रार. एक फुटाची टाकी किंवा गोल बाऊल घ्यायला माणूस आला की रंगीत वाळू, प्लास्टिकचं झाड, ऑक्सिजनची मोटर, दाण्यांची डबी, निळ्या औषधाची बाटली आणि मासे असं सगळं एका फेरीत बांधून देता. विचारता एवढंच, ‘किती जोड्या देऊ?’ आपल्या तालुक्यात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन करणारी कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांना प्लॉट देणारा कंपनीचा माणूसदेखील आधी विचारतो, नेट किती गुंठ्यांचं, पाणी कशाचं, शेजारी काय लावलंय. मिरचीच्या बियाण्याला जेवढी विचारपूस मिळते तेवढी तरी जिवंत माशाला मिळावी.

हिशेब अवघड नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणा, हजाराने भागा, लिटर निघतात. एक फूट बाय एक फूट बाय एक फूट म्हणजे साधारण २८ लिटर. वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की हातात पाणी उरतं बावीस-तेवीस. १२ बाय ८ बाय ८ इंची जी टाकी तुमच्याकडे सगळ्यात जास्त खपते, तिच्यात काठोकाठ साडेबारा लिटर, प्रत्यक्षात दहा. म्हणजे आपला अर्धा पिण्याचा जार. आणि गोल बाऊल? बहुतेकांत तीन ते पाच लिटर. स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्याएवढं पाणी. त्यात तुम्ही दोन गोल्डफिश सोडता आणि वर सांगता, आठवड्याने पाणी बदला.

आता गोल्डफिशचंच घ्या. चीनमध्ये हजारेक वर्षं पाळून घडवलेला हा मासा रोहू-कटल्याच्याच कुळातला आहे. साधा लांबट गोल्डफिश फूटभर होतो, घोळदार शेपटीचे प्रकारही वितीएवढे होतात. त्याला खरं जठर नसतं. खाल्लेलं आतड्यातून पुढे जात राहतं, म्हणून तो सतत खातो आणि सतत घाण करतो. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडात १९५६ साली डॉनकास्टरच्या जत्रेतल्या एका स्टॉलवर बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली मेला, तेव्हा त्याचं वय ४३ होतं. गिनेस बुकात त्याची नोंद झाली होती. आपल्याकडे दसऱ्याला आणलेला गोल्डफिश दिवाळी बघत नाही, आणि घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मासे मरतातच, असं लेकरांनाही पाठ झालं आहे. हे त्यांना शिकवलं कुणी?

त्यातून तो थंड पाण्याचा मासा. वीस अंशाच्या पाण्यात एका लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला राहू शकतो, तीस अंशाला तो साडेसातवर येतो, पस्तीसला सातच्याही खाली. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेला पाच लिटरचा बाऊल दुपारपर्यंत कोमट होतो. मोठी टाकी हळूहळू तापते, हळूहळू निवते. लहान टाकीला तेवढा धीर नसतो. म्हणजे ज्या घरात टाकी सर्वांत लहान आणि उन्हाळा सर्वांत कडक, तिथे तुम्ही एवढा मोठा होणारा आणि थंडावा मागणारा मासा देता. इटलीत मोंझा शहराने २००४ साली आणि रोमने २००५ साली गोल बाऊलमध्ये गोल्डफिश ठेवायलाच बंदी घातली. तिथे तर आपल्यासारखं ऊनही नाही.

यावर तुमचं ठरलेलं वाक्य मला माहीत आहे. ‘मासा टाकीएवढाच वाढतो.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुकानात ऐकू येतं आणि ते अर्धवट आहे. कोंडलेल्या, घाण पाण्यात वाढ खुंटते हे खरं. पण वाढ खुंटणं हे आजारपण आहे, समजूतदारपणा नव्हे. पाठीचा कणा वाकतो, शरीर सुकतं, डोळे डोक्याच्या मानाने मोठे दिसू लागतात, आणि दहा-पंधरा वर्षांचा जीव वर्षा-दोन वर्षांत संपतो. तुमचं वाक्य खरं वाटतं ते एवढ्याचसाठी, की मासा मोठा व्हायच्या आत मरतो.

मागे एक पोरगं स्टीलच्या डब्यात मासा घेऊन आलं होतं. डब्यातलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं, वास घेतला तर उग्र. मासा पृष्ठभागाला तोंड लावून हवा गिळत होता. कल्ल्याचं झाकण उघडलं की आत गुलाबीऐवजी जांभळट लाल दिसत होतं, आणि शेपटीच्या कडेला रक्ताच्या बारीक रेघा. पोराने काहीच चुकवलं नव्हतं. दुकानातून सांगितल्याप्रमाणे रोज दोनदा दाणे टाकले, मोटर चालू ठेवली, वीज गेली तेव्हा हाताने पाणी ढवळलं. टाकी घेऊन फक्त सहा दिवस झाले होते, आणि खरी गोम त्या सहा दिवसांतच होती.

माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. टाकी जुनी असली की वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर बसलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू बसायला तीन-चार आठवडे, कधी सहाही लागतात. नव्या कोऱ्या टाकीत ते नसतातच. मासा स्वतःच्याच अमोनियात भाजत राहतो. जांभळे कल्ले म्हणजे ते भाजणं. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, कारण तुमच्या दुकानातल्या टाक्या वर्षानुवर्षं चालतात आणि त्यांत मासे टिकतात.

त्यात आपलं पाणी. काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी जड असतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. असं पाणी सहसा अल्कधर्मीही असतं. लोणारच्या सरोवराचा सामू (पीएच) दहाच्या घरात असतो हे आपल्या जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. आपल्या विहिरी-बोअर तेवढ्या टोकाच्या नाहीत, पण सातच्या वरच्या बाजूला झुकलेल्या. आणि अमोनियाचं विष सामूवर ठरतं. पंचवीस अंशाला सामू सात असेल तर अमोनियाच्या शंभर भागांतला जेमतेम अर्धा भाग विषारी रूपात असतो. सामू आठ झाला की तोच साडेपाच भाग होतो, दहापट. पाणी तापलं की आणखी. म्हणून कोकणातल्या किंवा पुण्यातल्या मऊ पाण्यात जी चूक खपून जाते ती आपल्याकडे खपत नाही.

या जड पाण्यावर उपाय म्हणून काही दुकानांतून ‘आरओच्या जारचं पाणी वापरा’ असं सांगितलं जातं, तेही थांबवा. त्या पाण्यातून क्षार काढून टाकलेले असतात. जड पाण्यात वाढलेला मासा एका झटक्यात त्यात सोडला तर त्याच्या अंगातलं क्षारांचं गणित बिघडतं. साठवलेलं नळाचं पाणी उत्तम. आपल्याकडे नळ रोज येत नाहीत, हौद आणि ड्रम भरून ठेवावे लागतात, याचा एवढा एक फायदा आहे: टीसीएल पावडरीचा क्लोरीन दोन दिवसांत उडून जातो. क्लोरीन मारायच्या बाटलीचे पैसे वाचतात. (ही ओळ तुम्हाला आवडणार नाही, कल्पना आहे.) फक्त त्या ड्रमात डेंग्यूसाठी अबेट टाकलेलं असेल तर ते पाणी झिंग्यांच्या टाकीत घालू नये हेही सांगा. डासांच्या अळ्या मारणारं औषध झिंग्यांनाही सोडत नाही.

आणि ती निळी बाटली. मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचं औषध आहे, रोजचं टॉनिक नाही. प्रत्येक पाणीबदलाला दोन थेंब टाका असं सांगितलं की बिचारे लोक इमानेइतबारे टाकतात, आणि जे जिवाणू नुकते कुठे बसायला लागलेले असतात तेच आधी मरतात.

फायटर माशाबद्दल वेगळं बोलायला हवं. खरं तर लहान टाकीला साजेसा हाच मासा. थायलंडने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक जादा श्वसनेंद्रिय असतं, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. याच गुणाचा तुम्ही गैरफायदा घेता. ‘याला मोटर लागत नाही, पाणी लागत नाही’ म्हणून प्लास्टिकच्या झाकणाच्या ग्लासात विकता. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणूनही असे ग्लास वाटले जातात. हवा घेतो म्हणजे त्याला अमोनिया बाधत नाही असं कुणी सांगितलं? डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो. पावशेर पाण्याच्या ग्लासात हा पंचवीस-सव्वीस अंशांत राहणारा मासा तळाशी जाऊन पडतो आणि लोक म्हणतात, झोपलाय.

त्याला दहा-बारा लिटर द्या, वीस देता आलं तर फारच छान. झुळझुळता फिल्टर, दोन-चार पानं पाण्यावर तरंगणारी, वरून हवा घ्यायला मोकळी जागा, थंडीत पंचवीस वॉटचा हीटर. सोबत दुसरा फायटर नको, लांब शेपटीचा गप्पीही नको. मग बघा काय करतो तो. सकाळी टाकीपाशी गेलं की काचेशी येतो, कल्ले फुगवतो, तुमचं बोट ओळखतो. मनासारखं झालं की पानाच्या आडोशाला तोंडाने एकेक बुडबुडा सोडत फेसाचं घरटं बांधतो, मादी नसतानाही. दिवसभर त्याची डागडुजी चालते. ग्लासातल्या फायटरने असं घरटं बांधलेलं मी पाहिलेलं नाही.

सकर आणि शार्क हे दोन मासे मात्र लहान टाकीच्या गिऱ्हाइकाला दाखवूच नका, ही हात जोडून विनंती. ‘सकर घ्या, टाकी साफ ठेवतो’ हे तुमचं दुसरं आवडतं वाक्य. दोन इंचांचा देता, तो हाताएवढा होतो, दीड फुटापर्यंतही जातो, आणि जेवढं शेवाळ खातो त्याहून जास्त विष्ठा करतो. शार्क म्हणून जे चंदेरी पिल्लू विकलं जातं ते समुद्रातल्या शार्कचं कुणीच नव्हे. हॉटेलात बासा म्हणून ज्याचे तुकडे मिळतात त्या पंगासचंच ते पोर. तळ्यात तो मीटरभर होतो. फुटाच्या टाकीत तो काचेवर नाक आपटून आपटून घायाळ होतो, कारण त्याला पळायला लांबी हवी असते.

आणि मग हे मासे मोठे झाले की लोक काय करतात? मारवत नाही म्हणून धरणात सोडतात, पुण्य लागेल या समजुतीने. उजनीत सकर कसा माजला आणि कोळ्यांची जाळी कशी फाटतात हे सोलापूर-भिगवणकडच्या मच्छीमारांना विचारा. भोपाळच्या तलावात २०२३ साली अमेरिकेतला मगरीच्या तोंडाचा गार मासा सापडला, तोही कुणाच्या तरी घरच्या टाकीतूनच आलेला असणार. आपल्याकडे खडकपूर्णेचं धरण आहे, मेहुणा राजाच्या चोखोबांच्या नावाचं. त्यावर मासेमारी करून पोट भरणारी कुटुंबं आहेत. तुमच्या दुकानात एक ओळ लिहिलेली पाटी लागली तर किती होईल: ‘नको असलेला मासा धरणात किंवा नदीत सोडू नका, आम्हाला परत आणून द्या.’ परत घ्या, पैसे देऊ नका हवं तर. लोक तुमचे उपकार मानतील.

वास्तूसाठी म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश एका बाऊलमध्ये देण्याची जी चाल पडली आहे, तिच्याबद्दल मी थोडक्यात सांगते. ही कल्पना चिनी फेंगशुईतली. तुमची श्रद्धा असेल तर माझी हरकत नाही, पण नऊ गोल्डफिशना शेकडो लिटर लागतात. मेलेल्या माशाने घरावरचं संकट स्वतःवर घेतलं, असं सांगून पुन्हा नवा विकणं हे मला तरी बरं दिसत नाही. रंग टोचलेल्या किंवा रंगात बुडवलेल्या माशांबद्दलही तेच. काचेसारखा आरपार दिसणारा आपला देशी मासा सुईने निळा-गुलाबी करून विकायचा, आणि रंग उडाला की गिऱ्हाईक विचारतं, खराब निघाला का. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा ‘प्राणी’ या शब्दात माणूस सोडून सगळे जीव धरतो. मासाही त्यात आला.

२०१७ च्या मे महिन्यात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माशांच्या दुकानांसाठी नियमही काढले होते, १५८ जातींच्या यादीसकट. देशभरातल्या व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि त्याच वर्षी ते मागे घेतले गेले. यादीत समुद्रातल्या प्रवाळांवरच्या माशांचाच भरणा होता, आपल्या गावच्या दुकानाशी त्याचा फारसा संबंध नव्हता, हे मला मान्य आहे. दिल्लीहून येणाऱ्या यादीची मला फार आशाही नाही. तुमच्या काउंटरवरचे दोन प्रश्न त्याहून जास्त मासे वाचवतील.

मग विकायचं काय, असं तुम्ही विचाराल. विकायला खूप आहे.

पाच लिटरच्या आतलं काहीही असेल तर मासा देऊ नका. बाऊल विका, पण त्यात जावा मॉस, व्हॅलिस्नेरियाच्या दोन काड्या, तरंगणारी पानं आणि दोन-तीन रॅम्सहॉर्न गोगलगायी घालून विका. आपल्या जड पाण्यात गोगलगायींचे शंख चांगले घट्ट होतात. फक्त वर बारीक जाळी द्या. मासा नसलेल्या स्थिर पाण्यात डास अंडी घालतात, आणि कंटेनर सर्वेला आलेल्या आशाताईंनी आधी तुमचा बाऊलच उपडा केला तर चूक त्यांची नसेल.

दहा-बारा लिटरला एकटा फायटर, नाहीतर दहा-बारा लाल चेरी झिंगे. झिंग्यांची मला स्वतःला जास्त ओढ आहे. इंचभराचा जीव, दिवसभर मॉसवर बसून पुढच्या इवल्या नांग्यांनी एकेक कण उचलून तोंडात घालत असतो. जड पाणी त्याला मानवतं, घाण अगदी थोडी करतो, चार-सहा महिन्यांत आपोआप पिल्लं दिसू लागतात. दोन गोष्टी मात्र सांगा. एक, तांबं असलेलं कोणतंही औषध त्या टाकीत नको. दुसरी, महिन्या-दीड महिन्याने तळाशी पारदर्शक झिंगा पडलेला दिसला तर तो मेलेला नसतो, कात टाकलेली असते. ती काढू नका, तो स्वतःच खाऊन टाकतो. मेमध्ये पाणी तिसाच्या वर जाऊ नये म्हणून टाकी खिडकीपासून लांब ठेवावी, झाकण काढून पंख्याचा वारा पृष्ठभागावर सोडावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. कुलरच्या गावात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

फूटभर लांबी-रुंदी-उंचीच्या टाकीला पाच-सहा गप्पी, सगळे नर. ‘जोडीने घ्या’ हा आग्रह इथे सोडा. गप्पीची मादी चार आठवड्यांत पिल्लं देते आणि एकदा नराशी गाठ पडली की पुढचे कित्येक महिने नराशिवाय देत राहते. बावीस लिटरांत दिवाळीपर्यंत शंभर गप्पी झाले तर तो आनंद फार दिवस टिकत नाही. नरांचे रंग तसेही जास्त खुलतात. १८६६ साली त्रिनिदादच्या ज्या गप्पी साहेबांवरून याला नाव मिळालं, त्यांना हा मासा पुढे बुलडाणा जिल्ह्याच्या हौदांत डासांच्या अळ्या खाईल हे स्वप्नातही आलं नसेल. हिवतापवाले आपल्या हौदात सोडतात तो करडा गप्पी आणि तुमच्याकडचा मोरपिशी शेपटीचा गप्पी ही एकच जात आहे. तो हौदात, कमी प्राणवायूत, जड पाण्यात, उन्हातान्हात टिकतो हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. लहान टाकीला याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं?

मोली, प्लॅटी दोन फुटी टाकीपासून पुढे. निऑन टेट्रा दिसायला इवला, पण तो थव्याने राहतो आणि त्याला मऊ पाणी लागतं, आपल्याकडे तो झुरतो. एंजल उंचीत वितीएवढा होतो. झेब्रा डॅनियो आपलाच देशी, काटक, पण पळणारा. त्याला लांब टाकी हवी. केरळचा वाटाण्याएवढा पफर लहान टाकीत एकटा मजेत राहतो, मात्र त्याला जिवंत खाद्य म्हणून गोगलगायी पुरवाव्या लागतात, नवख्याला तो देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाची विनंती: टाकी आणि मासे एका दिवशी विकू नका. आज टाकी, वाळू, झाडं. तीन-चार आठवड्यांनी मासे. सोबत तुमच्या जुन्या टाकीतली मूठभर वाळू किंवा फिल्टरचा मळका स्पंज पिळून निघालेलं पाणी बाटलीत भरून द्या. जिवाणूंचं विरजणच ते. तुम्हाला त्याचा एक पैसा खर्च नाही आणि गिऱ्हाइकाचे आठवडे वाचतात. ‘मग गिऱ्हाईक परत येईल कशावरून?’ असं एका दुकानदाराने मला विचारलं होतं. खरं सांगू का, जे पोरगं मरायला टेकलेला मासा डब्यात घेऊन आलं होतं, तेच परत आलेलं नाही. त्याच्या घरची टाकी आता माळ्यावर आहे आणि तिच्यात जुने चार्जर आहेत. ज्याचे झिंगे पिल्लं देतात तो मात्र दर महिन्याला मॉस, स्पंज, खाद्य घ्यायला येतो, आणि वर्षभरात मोठी टाकीही मागतो.

माल बाहेरून, कोलकाता-चेन्नईहून पिशव्यांत येतो, वाटेत मरतो, म्हणून स्वस्तात लवकर काढावा लागतो, ही तुमची अडचण मी समजू शकते. पण गप्पी, चेरी झिंगे आणि पाणझाडं इथेच वाढवता येतात. ज्या बायका शेडनेटमध्ये चिमट्याने एकेका फुलाचं परागीकरण करतात त्यांना झिंग्यांची पिल्लं सांभाळणं जड जाणार नाही. नेटच्या एका कोपऱ्यात सावलीत दोन-चार सिमेंटच्या टाक्या बसतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनाला सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अर्थसाहाय्य धरलेलं आहे. मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करायला एखादा बचतगट तयार झाला तर खात्रीचं गिऱ्हाईक म्हणून तुम्ही त्यांच्या मागे उभे राहा. आपल्याच पाण्यात वाढलेला गप्पी आपल्या पाण्यात टिकेल, आणि तुमची पिशवीतली मरही कमी होईल.

पत्र लांबलं, माफ करा. बोचलं असेल कुठे तर तेही समजून घ्या. तुमच्यातल्या काहींकडे मी वर्षानुवर्षं येते, उधारीवर हीटरही नेला आहे.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या एका मुलीला घेऊन दुकानात येते आहे. तिला बैठकीत ठेवायला एक फुटाची चौकोनी टाकी हवी आहे. टाकी, साधी काळी बारीक वाळू, एक स्पंजचा फिल्टर, व्हॅलिस्नेरियाच्या दोन जुड्या, मॉसचा एक गोळा आणि तुमच्या जुन्या टाकीतली मूठभर वाळू, एवढं काढून ठेवा. गोल्डफिशच्या टाकीवर त्या दिवशी कापड टाकलंत तर बरं होईल. माशांचं तीन-चार आठवड्यांनी बघू.



आपली,
एक जुनं गिऱ्हाईक
देऊळगाव राजा, जि. बुलडाणा